कुंभार, वारूळ आणि लोणारचं पाणी : निर्माता आणि जीवनाची सुरुवात यांबद्दल मत ठरवण्याआधी

‘निर्माता आहे का?’ आणि ‘पृथ्वीवर जीवन कसं सुरू झालं?’ हे दोन प्रश्न आपण एका दमात विचारतो. एकाचं उत्तर मिळालं की दुसऱ्याचंही मिळालं, असं गृहीत धरतो. घोटाळा तिथेच होतो. विश्वाची सुरुवात एका ‘आद्य अणू’तून झाली ही कल्पना १९३१ साली मांडणारे जॉर्ज लमेत्र हे कॅथलिक धर्मगुरू होते. उत्क्रांतीला जनुकशास्त्राची भक्कम जोड देणारे थिओडोसियस डोबझान्स्की श्रद्धाळू ख्रिस्ती होते. उलट, डीएनएची रचना उलगडणारे फ्रान्सिस क्रिक देव मानत नव्हते. पण १९७३ साली लेस्ली ऑर्गेल यांच्यासोबत त्यांनीच सुचवलं की परग्रहावरच्या एखाद्या प्रगत संस्कृतीने सूक्ष्मजीव मुद्दाम पृथ्वीकडे पाठवले असतील. आणि जैन दर्शन आत्मा मानतं, कर्म मानतं, मोक्ष मानतं. जगाचा कर्ता मात्र मानत नाही.

म्हणजे एका प्रश्नावरचं मत दुसऱ्याला बांधलेलं नाही. म्हणून इथे दोन्ही प्रश्न वेगळे ठेवून, प्रत्येकाची उत्तरं शेजारी शेजारी मांडली आहेत. प्रत्येक उत्तराला विचारायचे प्रश्न तीनच : ते नेमकं काय समजावून सांगतं? ते कुठे अडतं? आणि काय सापडलं तर ते सोडून द्यावं लागेल?

आधी, निर्माता म्हणजे कोणता?

मराठी माणूस ‘देवाने जग निर्माण केलं’ म्हणतो तेव्हा त्यात निदान चार वेगवेगळ्या कल्पना मिसळलेल्या असतात. त्या सुट्या केल्याशिवाय ‘आहे की नाही’ या वादाला अर्थ नाही.

पहिली कल्पना : अधूनमधून हात घालणारा निर्माता. निसर्गाचे नियम चालूच असतात, पण पहिली पेशी किंवा डोळ्यासारखा गुंतागुंतीचा अवयव घडवायला तो मध्ये उतरतो. अमेरिकेत ‘इंटेलिजंट डिझाइन’ या नावाने जो विचार चालतो तो हाच. डोव्हर या गावातल्या शाळांच्या खटल्यात २० डिसेंबर २००५ रोजी न्यायालयाने निकाल दिला की हा विचार विज्ञान म्हणून वर्गात शिकवता येणार नाही. निकाल बाजूला ठेवला तरी या भूमिकेची अडचण उरतेच : ती आपल्या अज्ञानावर उभी आहे. १८२८ पर्यंत अनेकांना वाटायचं की सजीवांतले पदार्थ ‘प्राणशक्ती’शिवाय तयार होऊच शकत नाहीत. त्या वर्षी फ्रीडरिश व्योलर यांनी मूत्रातला युरिया प्रयोगशाळेत बनवला. देवाची जागा अज्ञानाच्या फटीत ठेवली की दर संशोधनागणिक ती आक्रसत जाते. श्रद्धाळू माणसाने ही भूमिका घेऊ नये असं आम्हाला मनापासून वाटतं, आणि त्याचं कारण श्रद्धेच्या बाजूचंच आहे.

दुसरी कल्पना : नियम घालून देणारा निर्माता. तो मध्ये पडत नाही. हायड्रोजनपासून पेशीपर्यंत नेणारे नियमच त्याचे. इथे रसायनशास्त्राशी भांडण नाही. भांडण नाही म्हणूनच पुरावाही नाही : उद्या पहिली पेशी कशी बनली याचा पायरीन् पायरी उलगडा झाला तरी ही भूमिका पडत नाही, आणि त्याने ती सिद्धही होत नाही. ‘भौतिक स्थिरांक (निसर्गातल्या बलांची वगैरे ठरलेली मापं) इतके नेमके कसे?’ हा युक्तिवाद याच घरातला. तो विचार करण्याजोगा आहे, पण जीवन सुरू कसं झालं याबद्दल तो काहीच सांगत नाही.

तिसरी कल्पना आपल्या मातीतली आहे आणि बांधणीला सगळ्यांत पक्की : न्यायदर्शनाचा, म्हणजे तर्काला वाहिलेल्या भारतीय दर्शनाचा, कुंभार. दहाव्या-अकराव्या शतकाच्या सुमारास उदयनाचार्यांनी ती पूर्णत्वाला नेली. अनुमान असं : पृथ्वी, अंकुर वगैरेंना कर्ता आहे, कारण ती ‘कार्य’ आहेत, म्हणजे आधी नसून नंतर झालेली, जसा घट. एक गोष्ट लोक विसरतात. हा ईश्वर शून्यातून काही काढत नाही. परमाणू नित्य आहेत, जीवात्मे नित्य आहेत. ईश्वर फक्त रचना करतो. कुंभार माती बनवत नाही, तसंच. बायबलमधल्या निर्मात्याहून हा अगदी निराळा.

यावरचा सगळ्यांत धारदार आक्षेप धर्मकीर्ती या बौद्ध तार्किकाने त्याआधीच, सातव्या शतकाच्या सुमारास, घेऊन ठेवला होता. घटाला आकार आहे म्हणून कुंभार मानायचा, तर वारुळालाही आकार आहे आणि तेही मातीचंच. मग वारूळसुद्धा कुंभारानेच केलं म्हणायचं का? मुद्दा हा की आपण कुंभाराला घट करताना पाहिलंय, म्हणून घट दिसला की कुंभार आठवतो. ज्या प्रकारची वस्तू कोणी बनवताना आपण कधी पाहिलीच नाही, तिच्याबद्दल नुसत्या ‘रचना’ या शब्दाच्या साम्यावरून निष्कर्ष काढता येत नाही. नैयायिकांचं, म्हणजे न्यायदर्शन मानणाऱ्यांचं, उत्तर असं की रानात आपोआप उगवलेलं गवत हा विरोधी दाखला होऊ शकत नाही, कारण गवताला कर्ता आहे की नाही हाच तर वादाचा विषय. तर्काच्या नियमांत हे बसतं. पण ज्याला अजून ठरवायचंय त्याला पुढे ढकलण्याइतकं बळ त्यात नाही. आमच्या मते इथे वारूळ जिंकतं. कुंभार अशक्य ठरतो म्हणून नव्हे, तर तो सिद्ध होत नाही म्हणून.

कुमारिल भट्टांसारखे मीमांसकही, जे वेद प्रमाण मानतात, निर्माता नाकारतात. त्यांचे प्रश्न साधे आहेत. शरीर नसलेल्याला करण्याची इच्छा कुठून? आणि करुणेपोटी जग केलं म्हणाल, तर ज्यांची करुणा यावी असे दुःखी जीव जगाच्या आधी होते कुठे? सांख्यसूत्रांत तर ‘ईश्वरासिद्धेः’ (ईश्वर सिद्ध होत नाही म्हणून) असं सरळच आलं आहे. हे ध्यानात ठेवण्यासारखं आहे, कारण ‘भारतीय परंपरा म्हणजे निर्माता मानणारी’ ही समजूत अर्धवट आहे. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातलं १२९ वं, नासदीय सूक्त तर शेवटी म्हणतं की परम आकाशातला जो या सृष्टीचा अध्यक्ष आहे त्यालाच हे ठाऊक असेल; किंवा त्यालाही नसेल.

चौथी कल्पना म्हणजे जगच होणारा. मुंडकोपनिषदातला कोळी आपल्यातूनच धागा काढतो आणि आत घेतो. ज्ञानदेवांचा चिद्विलास, म्हणजे जग हा चैतन्याचाच विलास ही कल्पना, याच बाजूचा. इथे करणारा आणि केलेलं वेगळं नाही, त्यामुळे ‘कोणी केलं’ हा प्रश्नच विरघळतो. आपल्या वारकरी घरांतली श्रद्धा बहुतेकदा पहिल्यापेक्षा या चौथ्या प्रकाराच्या जवळची असते. ती ज्याची आहे, त्याला पुढचं सगळं रसायनशास्त्र वाचताना काहीच गमवावं लागत नाही.

दुसरा प्रश्न : नेमकं काय समजावून द्यायचं आहे

पृथ्वीचं वय ४५४ कोटी वर्षं. पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या जॅक हिल्सच्या झिरकॉन स्फटिकांवरून सुमारे ४४० कोटी वर्षांपूर्वी पाणी असावं असं दिसतं. त्याच भागातल्या पिलबारामध्ये ३४८ कोटी वर्षांपूर्वीचे स्ट्रोमॅटोलाइट आहेत, म्हणजे सूक्ष्मजीवांच्या थरांनी बनलेले खडक. आजच्या सगळ्या सजीवांचा शेवटचा सामाईक पूर्वज जनुकांच्या तुलनेवरून २०२४ च्या एका अभ्यासात साधारण ४२० कोटी वर्षांपूर्वी नेला आहे, आणि तो साधासुधा नव्हता : सुमारे २,६०० प्रथिनांइतकी जनुकं त्याच्याकडे होती. म्हणजे घडायला मिळालेला वेळ २० कोटी ते ९० कोटी वर्षं. थोडाही नाही, अमर्यादही नाही.

या अवधीत तीन गोष्टी एकत्र यायला हव्यात : आत-बाहेर वेगळं करणारं पटल, नक्कल होणारी माहिती, आणि सतत मिळणारी ऊर्जा. पुढच्या प्रत्येक सिद्धांताची ओढ यांतल्या एकाकडे जास्त असते. तो कुठे अडणार हेही त्यावरूनच ओळखता येतं.

माहितीच्या बाजूने आरएनए, म्हणजे डीएनएचाच जवळचा नातलग रेणू, हा सगळ्यांत चांगला उमेदवार. तो डीएनएसारखी माहिती साठवतो आणि प्रथिनांसारखी रासायनिक कामंही करतो. टॉमस चेक आणि सिडनी ऑल्टमन यांना याच शोधासाठी १९८९ चं नोबेल मिळालं. याहून मोठा दाखला आपल्या प्रत्येक पेशीत आहे : प्रथिनं जोडणाऱ्या रायबोसोमच्या गाभ्यात जोडणीचं काम प्रथिन करत नाही, आरएनए करतो. ज्या रचनांवरून हे दिसलं, त्या कामाच्या २००९ च्या नोबेलमध्ये चिदंबरमला जन्मलेले आणि बडोद्याला शिकलेले वेंकटरामन रामकृष्णन होते. जुन्या वाड्याची डागडुजी कितीही झाली तरी पायाचे दगड मूळचेच राहावेत, तसा हा अवशेष.

डबकं की समुद्राचा तळ

इथे खरी चुरस आहे आणि इथेच सावकाश वाचायला हवं.

डबक्याची कल्पना डार्विनने १८७१ च्या एका पत्रात ‘लहानसं कोमट डबकं’ अशा शब्दांत मांडली. १९२४ मध्ये ओपारिन आणि १९२९ मध्ये जे. बी. एस. हॉल्डेन यांनी तिला रसायनशास्त्राचा आधार दिला. (हेच हॉल्डेन १९५७ साली भारतात आले, भारताचे नागरिक झाले आणि १९६४ मध्ये भुवनेश्वरला वारले.) पहिला मोठा प्रयोग स्टॅन्ली मिलर यांचा, १९५३ मध्ये प्रसिद्ध झालेला, शिकागो विद्यापीठातला. एका काचपात्रात उकळतं पाणी. त्याची वाफ मिथेन, अमोनिया आणि हायड्रोजन भरलेल्या दुसऱ्या पात्रात. तिथे विजेच्या ठिणग्या. मग थंड करून परत खाली. आठवडाभरात ग्लायसिन, ॲलनिन अशी अमिनो आम्लं मिळाली. त्यासोबत डांबरासारखी चिकट राळही बरीच मिळाली, आणि ही राळ पुढची सत्तर वर्षं या क्षेत्राच्या मानगुटीवर बसली आहे. शिवाय सुरुवातीच्या हवेत मिथेन-अमोनियापेक्षा कार्बन डायऑक्साइड आणि नायट्रोजन जास्त होता असं आज बहुतेक मानतात. तशा हवेत उत्पादन घटतं.

आरएनएचे घटक बनवणं त्याहून अवघड. जुनी वाट अशी : फॉर्माल्डिहाइडपासून साखर बनवा, तिला नत्रयुक्त बेस (आरएनएमधली माहितीची ‘अक्षरं’) जोडा, मग फॉस्फेट. १८६१ पासून माहीत असलेल्या फॉर्मोज अभिक्रियेत साखरा बनतात खऱ्या, पण डझनावारी, आणि आरएनएला लागणारी रायबोज त्यात नाममात्र. बेस तर साखरेला नीट चिकटतच नाही. २००९ मध्ये मॅथ्यू पाउनर आणि जॉन सदरलंड यांच्या गटाने क्रमच बदलला. साखर आणि बेस वेगळे बनवून जोडण्याऐवजी सायनामाइड आणि ग्लायकोलाल्डिहाइड आधी एकत्र केले, फॉस्फेट पहिल्यापासूनच द्रावणात ठेवलं, आणि शेवटी अतिनील प्रकाशाने नको ते रेणू मोडून हवे ते टिकवले. अडलेलं कुलूप उघडलं. तरी आक्षेप रास्त आहे : रसायनं शुद्ध होती, ठरावीक क्रमाने घातली होती, मध्ये स्वच्छ करून घेतली होती. निसर्गात हे काम ओढे, ऊन आणि स्फटिकीकरण यांनी करायला हवं. ते होऊ शकतं हे तुकड्यातुकड्याने दिसतंय. सलग दिसलेलं नाही.

मग साखळी जोडणं. दोन घटक जोडताना पाण्याचा एक रेणू बाहेर पडतो, त्यामुळे भरपूर पाण्यात साखळी जुळण्यापेक्षा तुटणंच सोपं. यावरचा उपाय म्हणजे ओलं-सुकं चक्र : डबकं आटतं तेव्हा साखळ्या जुळतात, भरतं तेव्हा त्या मेदाच्या पिशव्यांत अडकतात. डेव्हिड डीमर आणि सुधा राजामणी यांच्या २००८ च्या कामात मेद रेणूंच्या थरांमध्ये सुकवल्यावर सुट्या घटकांतून आरएनएसारख्या साखळ्या बनल्या. राजामणी यांची प्रयोगशाळा आता पुण्याच्या आयसर या विज्ञानसंस्थेत आहे. बिघडतं काय, हेही याच दिशेच्या कामातून कळलं : आम्लधर्मी पाण्यात गरम-सुकं करत राहिलं की बेस साखरेपासून गळून पडतात. साखळी उरते, पण अक्षरं पुसलेली. डीमर यांनी कामचाटकामधल्या ज्वालामुखीजवळच्या खऱ्या गरम कुंडातही अमिनो आम्लं, बेस, फॉस्फेट आणि मेदाम्ल ओतून पाहिलं. बहुतेक माल पाहता पाहता चिकणमातीला जाऊन चिकटला आणि पिशव्या बनल्या नाहीत. प्रयोगशाळेतलं शुद्ध पाणी आणि जमिनीवरचं पाणी यांतला फरक याहून स्पष्ट कोणी दाखवलेला नाही.

म्हणूनच डबक्याचं पाणी कुठल्या प्रकारचं, हा प्रश्न कळीचा आहे. फॉस्फेटचंच बघा. साध्या पाण्यात कॅल्शियम त्याला पकडून खडक करून टाकतो. रसायनांना फॉस्फेट उरतच नाही. सोडा तळ्यांत मात्र कार्बोनेट आधी कॅल्शियम खाऊन टाकतं आणि फॉस्फेट मोकळं राहतं. कॅनडातलं फूटभर खोलीचं लास्ट चान्स तळं आज नैसर्गिक पाण्यातल्या सर्वाधिक फॉस्फेटच्या नोंदीसाठी ओळखलं जातं. आपल्या बुलढाणा जिल्ह्यातलं लोणारही सोडा तळंच : बेसाल्टमध्ये उल्कापाताने झालेलं, सुमारे १.८ किलोमीटर रुंद विवर, आणि पाण्याचा सामू (पीएच) १० च्या आसपास. २०२० च्या जूनमध्ये ते गुलाबी झालं ते क्षारप्रेमी सूक्ष्मजीवांमुळे. लोणार स्वतः भूगर्भाच्या मापाने कालपरवाचं. तिथे जीवन सुरू झालं नाही. पण बेसाल्ट, उल्का, अल्कधर्मी पाणी आणि आटण्या-भरण्याचं चक्र हे सगळं एका जागी डोळ्यांनी पाहायचं असेल तर जगात यासारख्या जागा फार थोड्या आहेत.

आता दुसरी बाजू. १९७७ मध्ये गॅलापागोसजवळ समुद्रतळावर गरम पाण्याचे झरे आणि त्यांच्याभोवती सूर्यप्रकाशाविना जगणारे जीव सापडले. पण जीवनाच्या सुरुवातीसाठी महत्त्वाचे झरे वेगळे : अटलांटिकमधलं २००० साली सापडलेलं ‘लॉस्ट सिटी’. तिथलं पाणी ४० ते ९० अंश सेल्सियस, सामू ९ ते ११. ऑलिव्हिन या खनिजावर समुद्राचं पाणी काम करतं, खडकाचं सर्पेंटाइन होतं आणि हायड्रोजन बाहेर पडतो. मायकल रसेल यांनी अशा झऱ्यांचं महत्त्व ते सापडण्याआधीच वर्तवलं होतं. सिद्धांताच्या बाजूने हा मोठा गुण. प्राचीन समुद्र किंचित आम्लधर्मी, झरा अल्कधर्मी, मध्ये लोह-गंधकाच्या पातळ भिंती : म्हणजे भिंतीच्या दोन बाजूंना प्रोटॉनचा (हायड्रोजनच्या धनभारित कणांचा) फरक आयताच तयार. आणि आज जवळजवळ प्रत्येक पेशी ऊर्जा मिळवते ती पटलापलीकडच्या प्रोटॉनच्या फरकातूनच. पीटर मिचेल यांनी १९६१ मध्ये हे मांडलं आणि १९७८ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. हे साम्य योगायोग म्हणून सोडून देण्यासारखं नाही.

| | सोडा तळं, गरम कुंड | समुद्रतळाचा अल्कधर्मी झरा |
|---|---|---|
| ऊर्जा | अतिनील प्रकाश, उष्णता, खंडित | हायड्रोजन आणि प्रोटॉनचा फरक, अखंड |
| माल दाट होणं | पाणी आटून सहज | फक्त खडकाच्या बारीक छिद्रांत |
| आरएनएचे घटक | प्रयोगशाळेत वाट सापडली | अजून पटणारी वाट नाही |
| साखळी जोडणं | सुकताना | पाण्यातच, म्हणून अवघड |
| मुख्य धोका | बेस गळणं, मातीला चिकटणं, अतिनील प्रकाशाने मोडणं | विरळ होणं, पाण्याने तुटणं |
| आजच्या पेशीशी नातं | कमी | फार जवळचं |

आमचा कौल : घटक बनण्याच्या टप्प्यासाठी उथळ, खारं, आटणारं तळं आज पुढे आहे. झऱ्याचा सिद्धांत पेशीचा ऊर्जेचा कारखाना असा का, हे सुंदर समजावतो, पण त्या कारखान्यातली यंत्रं कुठून आली हे सांगत नाही. दोन्ही बाजूंचे संशोधक एकमेकांवर तावातावाने टीका करतात, ते चांगलंच आहे. त्यातूनच तर वरचे दोष कळले.

दोन्हीकडे सामाईक अडचणीही आहेत. आरएनएची नक्कल व्हायला मॅग्नेशियम लागतं, सुमारे ५० मिलीमोलर. त्याहून कितीतरी कमी मॅग्नेशियममध्ये मेदाम्लांच्या पिशव्या फुटतात. २०१३ मध्ये कटारजिना अदमाला आणि जॅक शोस्टाक यांनी सायट्रेट घालून दोघांना एकत्र नांदवलं. मग सायट्रेट कुठून, हा पुढचा प्रश्न. दुसरी अडचण फसवी आहे : नक्कल सुरू झाली म्हणजे गुंतागुंत वाढेलच असं नाही. सोल स्पीगलमन यांनी १९६० च्या दशकात एका विषाणूचा चार हजारांहून जास्त अक्षरांचा आरएनए परीक्षानळीत पिढ्यान् पिढ्या वाढवला, आणि तो झडत झडत २१८ अक्षरांवर आला. आखूड असेल तो लवकर नकलला जातो. पिशव्यांनी गट वेगळे पाडले, तरच अशा आखूड फुकट्या साखळ्यांना आळा बसतो.

आकाशातून?

हा पर्याय थोडक्यात उरकता येतो, कारण त्याचे दोन अर्थ वेगळे केले की बरंचसं धुकं जातं. कच्चा माल आकाशातून आला, हे जवळपास पक्कं आहे. २८ सप्टेंबर १९६९ ला ऑस्ट्रेलियात पडलेल्या मर्चिसन उल्केत सत्तरहून अधिक अमिनो आम्लं सापडली. बेन्नू लघुग्रहावरून २४ सप्टेंबर २०२३ ला परत आलेल्या १२१.६ ग्रॅम मालात सजीव वापरतात त्या २० पैकी १४ अमिनो आम्लं आणि केंद्रकाम्लांचे (डीएनए-आरएनएचे) पाचही बेस मिळाले. बहुतेक अमिनो आम्लांची आरशातल्या प्रतिबिंबासारखी दोन रूपं असतात, डावं आणि उजवं; तिथे ती जवळजवळ सारख्या प्रमाणात होती. सजीव मात्र प्रथिनांत जवळजवळ फक्त डावीच वापरतात. म्हणजे ती निवड पृथ्वीवरच झाली असावी, याकडे काटा झुकतो.

जिवंत सूक्ष्मजीव आकाशातून आले, हा दुसरा आणि फार मोठा दावा. फ्रेड हॉइल आणि चंद्रा विक्रमसिंघे यांनी तो लावून धरला. जयंत नारळीकरांनी निदान तपासायची पद्धत तरी उभी केली : हैदराबादहून बलून पाठवून ४१ किलोमीटरपर्यंतच्या हवेचे निर्जंतुक नमुने घ्यायचे. २००५ च्या उड्डाणातून जीवाणूंच्या १२ आणि बुरशीच्या ६ वसाहती मिळाल्या. तीन जीवाणू नव्या जातींचे निघाले, एकाला हॉइल यांचं नाव दिलं. पण ते पृथ्वीवरच्या जीवांचे जवळचे नातेवाईक होते, त्यामुळे ते वरून खाली आले की खालून वर गेले याचा निकाल लागत नाही. आणि लागला तरी मूळ प्रश्न दुसऱ्या ग्रहावर सरकतो, इतकंच. ठरवण्याच्या कामी हा पर्याय सगळ्यांत कमी उपयोगी.

वादात वारंवार होणाऱ्या चुका

‘शंभर अमिनो आम्लांचं प्रथिन योगायोगाने बनण्याची शक्यता १ वर १३० शून्यं, इतक्यांत एक.’ गणित बरोबर आहे, प्रश्न चुकीचा. यात एकच ठरावीक प्रथिन हवं आणि तेही एका उडीत हवं, असं धरलंय. २००१ मध्ये ॲन्थनी कीफ आणि शोस्टाक यांनी ८० अमिनो आम्लांच्या ६ लाख कोटी यादृच्छिक साखळ्या तपासल्या, तेव्हा एटीपीला (पेशीत ऊर्जा पोचवणाऱ्या रेणूला) चिकटणारी चार कुळं सापडली; त्यावरून त्यांचा अंदाज साधारण दहा हजार कोटींत एक. दुर्मीळ आहे, अशक्य नाही. मात्र ‘चिकटणं’ म्हणजे पेशी चालवणं नव्हे, हेही तितकंच खरं.

‘पाश्चर यांनी सिद्ध केलं की निर्जीवातून जीव होत नाही.’ १८६० च्या आसपास त्यांनी बाकदार मानेच्या चंबूंत दाखवलं ते एवढंच की उकळलेल्या सूपात बाहेरून जंतू आले नाहीत तर ते नासत नाही. ४०० कोटी वर्षांपूर्वीच्या, प्राणवायू नसलेल्या समुद्राबद्दल तो प्रयोग नव्हता.

‘शास्त्रज्ञांनी प्रयोगशाळेत जीव बनवला.’ नाही. २०१६ मध्ये क्रेग व्हेंटर यांच्या संस्थेने ४७३ जनुकांचा जीवाणू जुळवला, पण रासायनिक पद्धतीने बनवलेलं ते जनुकद्रव्य आधीच्या जिवंत पेशीत घातलं होतं. त्यातल्या १४९ जनुकांचं काम तेव्हा कोणालाच माहीत नव्हतं. साध्या रसायनांपासून स्वतः चालणारी, उत्क्रांत होणारी पेशी आजवर कोणीही केलेली नाही. निरीश्वरवादी मित्रांनी हे वाक्य चुळबुळ न करता म्हणावं. आणि ‘केलेली नाही’ म्हणजे ‘होणार नाही’ असं श्रद्धाळू मित्रांनी धरू नये.

ठरवताना

मूल विचारतंय म्हणून उत्तर हवं असेल तर दोन्ही प्रश्न वेगळे करून द्या : ‘कसं झालं’ याचा शोध चालू आहे आणि इतकं इतकं कळलंय, ‘कोणी केलं का’ यावर आपल्याकडेच हजार-दीड हजार वर्षं दोन्ही बाजूंनी मोठमोठी माणसं वाद घालत आली आहेत. वयाच्या दहाव्या वर्षी नासदीय सूक्ताचा शेवट सहज कळतो.

श्रद्धा आणि विज्ञान यांतलं एक सोडावं लागेल या धास्तीने वाचत असाल, तर वरच्या चारांपैकी आपली श्रद्धा कोणती ते कागदावर लिहून पाहा. पहिली असेल तर ताण येणार, आणि दर काही वर्षांनी वाढणार. दुसरी, तिसरी किंवा चौथी असेल तर सदरलंड यांच्या प्रयोगाने तिचं काही बिघडत नाही.

तर्काच्या कसोटीवरच निर्णय घ्यायचा असेल तर आमचं वजन असं पडतं : जीवनाची सुरुवात नैसर्गिक रसायनातून झाली, हे सर्वांत बळकट उत्तर; कारण त्याच्या प्रत्येक पायरीला चूक ठरवता येतं आणि कित्येक पायऱ्या खरोखर चूक ठरवून बदलल्या गेल्या आहेत. निर्मात्याबद्दल मात्र यातून काहीच निष्पन्न होत नाही. तो प्रश्न तत्त्वज्ञानाचा आहे, आणि तिथे उदयनाचार्य आणि धर्मकीर्ती यांना समोरासमोर वाचावं. वादासाठी याहून भक्कम माणसं दोन्ही बाजूंना मिळणार नाहीत.

मत बदलायला लावेल असा पुरावा कुठून येऊ शकतो? युरोपा क्लिपर हे यान १४ ऑक्टोबर २०२४ ला निघालंय आणि २०३० मध्ये गुरूजवळ पोचायचं आहे. गुरूचा चंद्र असलेल्या युरोपाच्या बर्फाखाली खारा समुद्र असावा, पण तिथे ऊन नाही आणि आटणारं डबकंही नाही. क्लिपर तिथे जगण्याजोगी परिस्थिती आहे का एवढंच तपासणार. जीव शोधायला नंतरची यानं लागतील. त्या पाण्यात कधी जीव सापडला, तर डबक्याचा सिद्धांत अडचणीत येईल आणि झऱ्यांचं पारडं जड होईल. आणि त्या जीवाची अमिनो आम्लं उजवी निघाली, तर तो आपला दूरचा नातेवाईक नव्हे, हे त्या एका मापावरून जवळजवळ नक्की होईल : एकाच सूर्याभोवती जीवन दोनदा, वेगवेगळं सुरू झालं.